आमवातातील दूतप्रथिने



भोपाळात थंडी पडू लागली की ‘वात धरला’ ही तक्रार घरोघर ऐकू येते. आपल्या भाषेतील ‘वात’ हा शब्द मोठा उदार आहे. वयोमानाने झिजलेला गुडघा, चिकुनगुनियानंतर रेंगाळणारे दुखणे आणि डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो विकार, हे सारे त्यात सामावते. मी बोलणार आहे ते या तिसऱ्याविषयी. सोयीसाठी त्याला आमवात म्हणतो. माधवनिदानातील आमवात तो हाच, असा माझा आग्रह नाही.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. तीत प्रौढांमध्ये हा विकार हजारी सुमारे पाच जणांना आढळला. प्रमाण अल्प भासते. परंतु लाख प्रौढांमागे ते पाचशे होतात, आणि त्यांत स्त्रिया पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असतात.

झिजेच्या संधिवातात कूर्चा घासली जाते. आमवातात शरीराची संरक्षकव्यवस्थाच सांध्याच्या आतील पातळ अस्तरावर उलटते. तेथे जमलेल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात, आणि हे निरोप म्हणजे सूक्ष्म प्रथिने होत. शास्त्रज्ञ त्यांना सायटोकाइन म्हणतात. मी दूतप्रथिने म्हणेन. त्यांतील तीन मुख्य : टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ आणि इंटरल्यूकिन-६. त्यांच्या चिथावणीने अस्तर जाड होते, कूर्चा विरघळवणारे विकर स्रवतात आणि हाड पोखरणाऱ्या पेशी जाग्या होतात. इंटरल्यूकिन-६ रक्तावाटे यकृतापर्यंत पोहोचते. तपासणीत सीआरपी वाढलेले दिसते ते त्यामुळे. रुग्णाला येणारा पंडुरोगही पुष्कळदा त्याचाच परिणाम असतो. पहाटे त्याची पातळी चढते, म्हणून सकाळी बोटे आखडतात आणि चहाचा कप धरणेही कठीण होते.

येथे एक कोडे होते. दूत इतके असताना एकाला अडवून काय साधणार? दुसरा त्याची जागा घेईल, असाच बहुतेकांचा तर्क होता. लंडनच्या केनेडी संस्थेत मार्क फेल्डमन, लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि फिओनुला ब्रेनन यांनी रुग्णांच्या सांध्यांतील पेशी काचपात्रात वाढवल्या आणि त्यांत टीएनएफला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड घातले. तेव्हा इंटरल्यूकिन-१ चे उत्पादनही घटले! १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवले की हे दूत समान पायरीवर नाहीत. एक पुढारी आहे आणि इतर त्याच्या मागे चालतात. मला हा प्रयोग औषधाच्या शोधाहूनही मोलाचा वाटतो.

१९९२ साली चेअरिंग क्रॉस रुग्णालयात असे प्रतिपिंड प्रथम रुग्णांना दिले गेले. पहिल्या वीस जणांची सूज व वेदना झपाट्याने ओसरली. काही आठवड्यांनी विकार उलटला हेही नमूद केले पाहिजे. निरोप अडवला जातो, निरोप धाडण्याची खोड जात नाही. फेल्डमन व मैनी यांना २००३ साली लास्कर पारितोषिक मिळाले.

आता याची दुसरी बाजू. टीएनएफ हा निव्वळ खलपुरुष नव्हे. आपल्यापैकी अनेकांच्या फुप्फुसांत क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात आणि त्यांच्याभोवतीचा पेशींचा कोट टीएनएफच्या आधाराने टिकतो. तो आधार काढताच क्षय उफाळू शकतो. २००१ साली असे सत्तर रुग्ण नोंदले गेले. म्हणून ही इंजेक्शने सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी अनिवार्य मानावी. आपल्या देशात तर यात सवलत नकोच.

खर्चाचा प्रश्नही आहेच. डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने अडालिमुमॅबची समरूप आवृत्ती स्वस्तात आणली, तरी सामान्य कुटुंबाला ती सहज परवडते असे नाही. पण उपचाराचा प्रारंभ त्या इंजेक्शनांनी होतच नाही. मेथोट्रेक्सेट नावाची जुनी, स्वस्त गोळी आजही पहिली मानली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोजची समजून घेतल्यास रक्तपेशी घटून प्राणावर बेतते. तेव्हा घरातील कोणी तरी तो वार कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवावा. बोटांची सूज आणि सकाळचा ताठरपणा सहा आठवडे टिकला, तर लेप व शेक यांत काळ दवडू नये. हाडाची झीज बहुधा पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते आणि पोखरलेले हाड पूर्ववत करणारे औषध अद्याप नाही.