सहनशीलतेबद्दल आभार, पण कोणत्या भाषेत?

गेल्या सुगीच्या दिवसांत आमच्या गावच्या टॉवरचे काम निघाले. भाताची कापणी अर्ध्यावर आलेली, मळण्या तोंडावर, अशा गडबडीत एके सकाळी गावातील सगळ्या मोबाईलची रेंज गेली. वीज गेली असेल, टॉवरची बॅटरी उतरली असेल, दुपारपर्यंत येईल, असे म्हणून लोक शेताला गेले. खानापूर तालुक्याच्या या जंगलपट्ट्यात वीज जाणे आणि तिच्या पाठोपाठ रेंज जाणे नित्याचेच आहे. त्याचे कुणाला विशेष वाटत नाही. पण संध्याकाळ झाली, दुसरा दिवस गेला, तिसरा गेला, तरी रेंजचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी आली ती बोलता बोलता तुटणारी. पलीकडचा 'हॅलो, हॅलो' करतो आणि आपला आवाज त्याला जातच नाही. असे सगळे मिळून नऊ दिवस चालले.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला वरच्या आळीतली एक आजी पदराने मोबाईल पुसत दारात येऊन उभी राहिली. "गुरुजी, काय म्हणूलंय बघा की ह्यात." फोनमध्ये आठवड्यापूर्वी आलेले दोन मेसेज होते. एक कन्नडमध्ये, दुसरा इंग्रजीत. मला कन्नड वाचता येते, पण एक-दोन तांत्रिक शब्द अडले, म्हणून आमच्या शाळेत कन्नड शिकवणाऱ्या बाईंना दाखवले. त्यांनी लगेच अर्थ सांगितला. आपल्या भागात नेटवर्क सुधारण्याचे काम होणार आहे, काही दिवस सेवा विस्कळीत राहील, जुने सिम कार्ड जवळच्या केंद्रातून विनामूल्य बदलून घ्यावे, आणि शेवटी, आपल्या सहनशीलतेबद्दल आभार.

मेसेजमध्ये चूक काहीच नव्हती. वेळेवर आला होता, मुद्द्याचा होता, नम्र होता. पण आजीने तो पाहून समजूत करून घेतली की रिचार्ज संपला. तिने बाजारच्या दिवशी दुकानात जाऊन पैसे भरले. रेंज आली नाही म्हटल्यावर नातवाला पाठवून पुन्हा भरले. तिचा मुलगा गोव्यात वास्कोला कामाला आहे. त्याच आठवड्यात तिकडे सून बाळंत झाली, आणि नात झाल्याची बातमी आजीला मिळाली ती सुगीसाठी गावी आलेल्या एका पोराच्या तोंडून, तीन दिवसांनी. सहनशीलता दाखवायची आहे हे जिला कळलेच नाही, तिचे आभार कशाबद्दल मानायचे?

आमच्या गावात कोणत्या कंपनीचा टॉवर आहे, हे मी मुद्दाम लिहीत नाही. एका कंपनीला नावे ठेवून विषय संपणार नाही.

नऊ दिवस रेंज नसणे म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला थोडे सांगायला हवे. आता फोन बोलण्यापुरता राहिलेला नाही. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा उमटवायचा तर त्यालाही नेटवर्क लागते. आमचा दुकानदार ते यंत्र पिशवीत घालून देवळाच्या टेकाडावर जाऊन बसला, आणि म्हातारीकोतारी माणसे तेथपर्यंत चढून गेली. नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आमच्या खेड्यापाड्यांत माजी सैनिक पुष्कळ. त्यांचा दाखला मोबाईलवर येणाऱ्या आकड्यांवाचून पुढे सरकत नाही. बँकेचे तेच, गॅसचे तेच. शाळेची माहिती ऑनलाईन भरायची ती मी रविवारी खानापूरला जाऊन भरली. ते सोडा, मास्तराला सवय असते.

आता कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे, कारण टॉवरखाली जमलेल्या मंडळींनी ती ऐकून घेतली नाही. नेटवर्क सुधारणे म्हणजे बटण दाबून होणारे काम नव्हे. मनोऱ्यावर टूजी आणि थ्रीजीची जुनी यंत्रे असतात. बहुतेक कंपन्यांनी थ्रीजी बंद केले किंवा गुंडाळत आणले आहे, कारण त्याच लहरींवर फोरजी चालवायचे असते. म्हणजे नवे बसवायला जुने काढावे लागते, अँटेना बदलावे लागतात, आणि टॉवरपर्यंतची तार कमी पडत असेल तर तीही वाढवावी लागते. शेजारच्या टॉवरशी नव्या यंत्राचा मेळ बसेपर्यंत फोन मध्येच तुटतात. ज्या फोनला फोरजीवरून बोलता येत नाही तो बोलताना जुन्या टूजीवर उतरतो. ती उतरंड नीट जमली नाही तर आवाज एका बाजूनेच जातो. आमचे 'हॅलो, हॅलो' त्यातलेच असावे. शिवाय ७०० मेगाहर्ट्झसारख्या कमी कंपनसंख्येच्या लहरी झाडीतून लांबवर जातात, आमच्यासारख्या जंगलभागाला त्या वरदानच, पण हातातला फोन त्या पकडणारा हवा. जुने सिम आणि जुना फोन असेल तर टॉवर नवा होऊनही घरात जुनाच काळ राहतो.

हे सगळे टॉवरवर काम करणाऱ्या पोराला ठाऊक होते. गदग बाजूचा, ठेकेदाराकडे रोजावर असलेला मुलगा. त्याला मराठी येत नव्हते, आमच्या लोकांना धड कन्नड बोलता येत नव्हते. दोन्हीकडून आवाज चढले. त्याने टॉवर मुद्दाम बंद ठेवला आहे, मराठी गाव म्हणून ठेवला आहे, इथपर्यंत बोलणे गेले. मी त्या वेळी तेथे होतो. बाईंच्या नवऱ्याने मध्ये पडून दोघांचे बोलणे एकमेकांना सांगितले तेव्हा कळले की बेळगावहून यायचा एक सुटा भाग दोन दिवस अडकला होता आणि तो बिचारा त्याचीच वाट पाहत टॉवरखाली झोपत होता. त्याला रात्रीचे जेवण मग गावानेच दिले. पाच मिनिटांचे बोलणे, पण ते समजायला चार दिवस लागले.

आमच्या पिढीला थांबण्याचे वावडे नव्हते. ट्रंक कॉलचा जमाना आम्ही पाहिला आहे. पोस्टात जाऊन मुंबईचा नंबर द्यायचा आणि बाकावर बसायचे. दोन तास, कधी चार तास. घरात फोन हवा असेल तर नाव नोंदवून वर्षे मोजायची. तरी कोणी फारसे चिडत नसे, कारण पलीकडे एक माणूस होता. तो सांगे, "लाईन बिझी आहे हो, जेवून या." आणि ते मराठीत सांगे. आपल्या जिल्ह्याला या इतिहासात एक मानाचे पान आहे, ते फार जणांना ठाऊक नाही. खेड्यांसाठी 'सी-डॉट' या सरकारी संस्थेने बनवलेले १२८ जोडण्यांचे पहिले स्वदेशी टेलिफोन एक्स्चेंज १९८६ मध्ये सुरू झाले ते आपल्या कित्तूरमध्ये. खेड्यांतील फोनचे युग त्यातून सुरू झाले. त्याच 'सी-डॉट'ने बनवलेला गाभा वापरून उभारलेल्या भारत संचार निगमच्या स्वदेशी फोरजी जाळ्याचे उद्घाटन पंतप्रधानांनी २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून केले. यंत्रे कित्तूरपासून कुठल्या कुठे पोहोचली. मात्र "जेवून या" असे सांगणारा माणूस मध्येच कुठे तरी गळाला.

त्याच्या जागी आला तो रेकॉर्ड केलेला आवाज. हा आवाज कोणत्या भाषेत बोलणार हे गाव ठरवत नाही, मंडळ ठरवते. मोबाईलचे परवाने १९९५ च्या सुमारास दिले गेले ते दूरसंचार मंडळांप्रमाणे, आणि मंडळे आखली गेली बहुतांशी राज्यांच्या सीमांवर. गोवा मात्र महाराष्ट्र मंडळात घातला गेला. त्यामुळे आजीच्या मुलाने वास्कोत घेतलेले सिम महाराष्ट्र मंडळाचे, त्याला मराठी मिळते. आजी आपल्या घरात, मराठी शाळेपासून हाकेच्या अंतरावर बसून कर्नाटक मंडळाची ग्राहक. तिच्या फोनवर तक्रारीचा क्रमांक मी स्वतः लावून पाहिला, भाषांच्या यादीत मराठी आली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला जी रेघ ओढली गेली आणि जिच्यावरून महाराष्ट्राने २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दावा लावला आहे, ती अशी आजीच्या मोबाईलमधूनही गेली आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी मंडळींचीही कथा फार वेगळी नसणार.

लहरींना सीमा कळत नाही, ही त्यातली गंमत. चंदगड तालुक्याला लागून असलेल्या आपल्या गावांत फोन आपोआप पलीकडचा टॉवर पकडतो. एके काळी घरातून ओसरीवर आले की रोमिंगचे पैसे पडत. २०१५ नंतर ती कटकट हळूहळू संपली, आणि मराठीत बोलणारी सेवा मिळते म्हणून काहींनी कोल्हापूरकडची सिम घेऊन ठेवली. मला ते पटत नाही. आपल्या गावात राहून सेवेसाठी परगावचे व्हायचे, ही तोड नव्हे.

नियम काय म्हणतात, ते मी सुट्टीत बसून वाचले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांत कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावल्यावर पहिली पायरी भाषा निवडण्याची ठेवली आहे. तक्रार नोंदली की तिचा क्रमांक द्यावा लागतो, समाधान झाले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते, आणि त्याचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. २०२४ च्या नव्या नियमांत आणखी एक भर पडली. २४ तासांपेक्षा जास्त सेवा बंद राहिली तर बिल भरणाऱ्याला भाड्यात सूट आणि रिचार्ज करणाऱ्याला मुदतवाढ. हे वाचून मला आनंद झाला, पण तो पुढची ओळ वाचेपर्यंतच टिकला. ही बंदी जिल्ह्याच्या पातळीवरची असावी लागते. एका गावाचा एक टॉवर नऊ दिवस बंद असेल तर बेळगावसारख्या अवाढव्य जिल्ह्याच्या हिशेबात तो दिसतही नाही.

भाषेच्या बाबतीत आपल्या हाती काही आहे का? भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशाने मान्य केलेली एक तरतूद आहे. जिल्ह्यात किंवा तालुक्यात ज्यांची संख्या किमान १५ टक्के आहे त्यांच्या भाषेत महत्त्वाचे नियम व सूचना भाषांतरित करून प्रसिद्ध कराव्यात. खानापूर तालुक्यात मराठी किती, हे वाचकांना सांगायला नको. पण ही तरतूद सरकारासाठी आहे, कंपनी म्हणते आम्ही सरकार नव्हे. खर्चाची सबब तर टिकतच नाही. रोमन अक्षरांचा मेसेज १६० अक्षरांचा असतो, भारतीय लिपीतला ७० अक्षरांचा. हे माप कन्नडला जेवढे लागू तेवढेच मराठीला. जो मेसेज कन्नडमध्ये जातो तो तेवढ्याच पैशांत मराठीतही जाऊ शकतो. कन्नड काढा असे कोणीच म्हणत नाही. कन्नड असावी, तिच्याखाली मराठी असावी, एवढेच.

आणि आता थोडे आपल्याच घरातले. मी समितीचा कार्यकर्ता आहे, म्हणून बोलण्याचा अधिकार घेतो. फलकासाठी, सातबाऱ्यासाठी, शाळेसाठी आम्ही मोर्चे काढले, काढायलाच हवे होते. पण आजीच्या फोनवर काय येते याकडे आमच्या एकाही बैठकीत कोणी लक्ष दिले नव्हते, मीही नाही. गावात चारशेच्या वर मोबाईल असतील. त्या नऊ दिवसांत तक्रार नोंदवून क्रमांक घेतलेला माणूस शोधायला गेलो तर एकही सापडला नाही. शिव्या मात्र सगळ्यांनी दिल्या.

मग आम्ही पाच जणांनी मिळून कंपनीला पत्र लिहिले. मराठीत लिहिले आणि सोबत इंग्रजी व कन्नड प्रत जोडली. कन्नड प्रत बाईंनी तपासून दिली. मागण्या दोनच ठेवल्या. काम काढण्याआधी किती दिवस ते मराठीत कळवा आणि सिम बदलायला माणूस गावात पाठवा. भाषेबद्दल पहिले उत्तर आले ते इंग्रजीत, मंडळाच्या धोरणाप्रमाणे भाषा ठेवल्या आहेत असे. दुसरी मागणी मात्र त्यांनी मान्य केली.

बाजारच्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावर एक मुलगा छत्री आणि सिमचा डबा घेऊन बसला. खानापूरचाच, मराठी बोलणारा. "आजी, अंगठा द्या, संध्याकाळपर्यंत जुने बंद पडेल, घाबरायचे नाही, मग नवे सुरू होईल," असे तो प्रत्येकाला सांगत होता. माणसे उन्हात दीड-दोन तास रांगेत उभी राहिली. टॉवरखाली जी मंडळी तावातावाने बोलली होती तीही त्यात होती. कोणी चकार शब्द काढला नाही.

वरच्या आळीतल्या आजीचे सिम रात्री आठ वाजता सुरू झाले. वास्कोहून नातीचा फोटो आला तो तिने दुसऱ्या दिवशी शाळेत आणून दाखवला. भाषेच्या मागणीवर आम्ही अपील केले आहे. त्याचा क्रमांक माझ्या वहीत लिहून ठेवला आहे, आणि ३९ दिवसांतले आज अकरा झाले.