पाण्यातल्या ऑर्किडची मुळं कुजली तर?

हल्ली भेट म्हणून फॅलेनॉप्सिस ऑर्किड येतं. काचेच्या बरणीत, पाण्यात दिसतंही छान. पण पाण्याला वास येऊ लागला, पानं मऊ पडली, की समजावं, मुळं कुजताहेत. आमच्या गटातल्या एका ताईंनी तर लेकीनं दिलेलं रोप टाकायलाच काढलं होतं. थांबा हो! मधला कोंब घट्ट असेल तर आशा आहे.

आपल्या कोकणातली सीतेची वेणी आठवा. बसायला झाडाची फांदी, मुळं वाऱ्यावर. पावसात भिजायचं नि लगेच सुकायचं, हा या कुळाचा स्वभाव. मुळांवरचं स्पंजासारखं आवरण सतत बुडालेलं राहिलं की मुळं हवेवाचून गुदमरतात.

मुळं धुऊन बोटांनी दाबून बघा. तपकिरी, पिचपिचीत असतील ती स्पिरिटनं पुसलेल्या कात्रीनं कापा. टणक, हिरवी-रुपेरी राहू द्या. कापल्या जागी चिमूटभर दालचिनीची पूड लावा. (चांगल्या मुळांना नको, ती सुकतात.) रोप एक दिवस सावलीत उघडं ठेवा. मग बरणीत मुळांची टोकं बुडतील इतकंच पाणी. दोन दिवस पाणी, पाच दिवस कोरडं. नवं मूळ फुटायला कधी महिना-दोन महिने लागतात, तोवर खत नको. आणि फुलांचा दांडा असेल तर जीव घट्ट करून तोही छाटा. रोपाची ताकद मुळांकडे जाऊ दे.