सावली पडली, पंच काय करणार?

गोलंदाजाच्या बोटाला खरोखरच जखम झालीय. पट्टी काढली की रक्त येणार, हे पंचांनाही दिसतंय. पण गडी म्हणतो, मी टाकणारच. पट्टी राहू द्यायची? इथे दया दाखवली की मार्क गेले! गोलंदाजी करायची असेल तर पट्टी काढावीच लागते.

हा प्रश्न होता जुलै 2022 मध्ये बीसीसीआयने अहमदाबादला घेतलेल्या पंच परीक्षेत. महिला आणि ज्युनियर सामन्यांसाठी पंच हवे होते. बसले सुमारे 140, पास झाले फक्त 3. एकूण गुण 200: लेखी 100, तोंडी 35, व्हिडिओवरचे निर्णय 35, शारीरिक चाचणी 30. पात्रतेची रेघ होती 90 वर, म्हणजे निम्म्याच्याही खाली. नियमांचं पुस्तक पाठ करून हा पेपर सुटत नाही, हे त्या निकालाने दाखवून दिलं.

आणखी एक नमुना बघा. फलंदाज तक्रार करतो, 'खेळपट्टीवर सावली येतेय.' सोलापूरच्या पार्क मैदानावर, म्हणजे इंदिरा गांधी स्टेडियमवर, जानेवारी 2024 मध्ये रणजीचे सामने झाले. समजा, तिथे दिवस कलला आणि स्टँडची सावली आत आली, तर पंच काय करतील? काहीच नाही. इमारतीची किंवा झाडाची सावली असेल तर खेळ चालू. क्षेत्ररक्षकाची असेल तर मात्र त्याला सांगायचं, बाबा, हलू नकोस. हलला तर डेड बॉल.

पायचीतचं अपील झालं की पंचांच्या डोक्यात किती गोष्टी चालतात! आधी नजर गोलंदाजाच्या पुढच्या पायावर: टाच रेघेच्या आत आहे ना? मग नजर तिथून उचलून लगेच समोर. टप्पा लेग स्टंपच्या बाहेर तर नव्हता? बॅट आधी लागली का? चेंडू पॅडला कुठे लागला? पॅड नसतं तर स्टंपवर गेला असता का? हे सगळं एका दमात, आणि तेही अकरा जण ओरडत असताना. मला तर हीच खरी तोंडी परीक्षा वाटते.

अशा कसोटीला उतरलेली दोन माणसं बघा. मुंबईचे पिलू रिपोर्टर महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळात नोकरी करत पंचगिरीत आले. 1986 मध्ये लाहोरला पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत ते आणि व्ही. के. रामस्वामी पंच म्हणून उभे राहिले. यजमान देशाबाहेरचे तटस्थ पंच आणण्याचा तो गाजलेला प्रयोग. नवी मुंबईची वृंदा राठी आधी स्कोअरर होती. 2013 च्या महिला विश्वचषकात तिने गुणलेखन केलं. जानेवारी 2023 मध्ये ती गोव्यात पर्वरीला रणजी सामन्यात पंच म्हणून उतरली. त्या मोसमात रणजीत पहिल्यांदाच तीन महिला पंच दिसल्या.

पेच काही फक्त क्रिकेटमध्येच नसतात. बिलियर्ड्ससारख्या पूल या खेळात टेबलावरचा पेच तर केसाएवढा बारीक असतो. पांढरा चेंडू दोन चेंडूंना एकदमच लागला, पहिला कुठला ते सांगताच येत नाही. मग? नियम खेळाडूच्या बाजूने: योग्य चेंडू आधी लागला असंच धरायचं. पण आधी ते बघायला रेफरीने योग्य जागी उभं राहायला हवं ना!

आणि सोलापूर जिल्ह्यात खो-खो विसरून कसं चालेल? भारताच्या विश्वचषक संघातला रामजी कश्यप आपल्या वेळापूरचा. या खेळात पंचांच्या डोळ्यांना उसंत नसते. खो पाठीमागूनच दिला ना? तो मिळायच्या आधीच बसलेला गडी उठला नाही ना? पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांबापर्यंत ती बदलायची नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. आणि पळणारा सुसाट! त्यामुळे मैदानाच्या दोन बाजूंना दोन पंच, वर एक सरपंच, शिवाय वेळाधिकारी आणि गुणलेखक वेगळे. पुढच्या सामन्याला गेलात तर पाच मिनिटं नजर पळणाऱ्यावर न ठेवता पंचांच्या पायांवर ठेवून बघा. तेही पाटीला समांतर धावत असतात.