सापाचा पहिला प्रश्न

बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात साप हव्वेला भुलवतो. गंमत अशी की तो सुरुवातीला खोटं बोलतच नाही, नुसता भोळेपणाचा आव आणून विचारतो: बागेतल्या सगळ्याच झाडांची फळं देवाने मना केलीत का? खरं तर बंदी होती ती फक्त बऱ्यावाइटाचं ज्ञान देणाऱ्या झाडाला. हव्वा त्याची चूक सुधारते खरी, पण पदरची भरही घालते. फळाला हात लावू नये, असं मूळ आज्ञेत कुठेच नाही. मग साप छातीठोकपणे सांगतो की मरण वगैरे येणार नाही, उलट डोळे उघडतील. हव्वा फळ खाते, आदामालाही देते, आणि डोळे उघडतातही! दिसतं ते मात्र स्वतःचं नागडेपण, आणि दोघांवर अंजिराची पानं शिवायची पाळी येते.

सगळा दोष हव्वेच्या माथी मारतात, ते काही पटत नाही. आदाम तिच्यासोबतच होता, असं मजकूरच सांगतो. फळ सफरचंदाचं होतं किंवा साप म्हणजे सैतान, असंही तिथे म्हटलेलं नाही. सैतानाशी त्याची सांगड नंतरच्या काळात घातली गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ही कथा मराठी ओव्यांत आणली. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापलं गेलं.