बुलढाण्याचे ग्रंथ, बुलढाण्याची दप्तरे

बुलढाणा जिल्हा सरकारी हुकमातून जन्मला. 1853च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. 1864मध्ये अकोल्यातून वेगळा काढलेला हा मुलूख आधी नैर्ऋत्य वऱ्हाड, मग मेहकर जिल्हा म्हणून ओळखला गेला आणि शेवटी घाटावरच्या बुलढाण्याचे नाव त्याला मिळाले. 1905मध्ये घाटाखालचे खामगाव आणि जळगाव हे तालुके त्याला जोडले गेले.

या जिल्ह्याची कागदपत्रे ग्रंथरूपात आली ती प्रथम राज्यकर्त्यांच्या गरजेपोटी. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले वऱ्हाडचे गॅझेटियर 1870मध्ये निघाले. 1910मध्ये ए. ई. नेल्सन या आय.सी.एस. अधिकाऱ्याने बुलढाण्याचा स्वतंत्र खंड सिद्ध केला. जमीन, पिके, जातीजमाती, जमाबंदी, दुष्काळ, पोलीस, शिक्षण आणि शेवटी प्रमुख गावांची माहिती, असा त्याचा आराखडा. नव्याने बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्याला जिल्हा समजावा, हा हेतू. म्हणून सारा किती बसला हे त्यात नेमके सापडते. तो भरताना कुणब्याच्या घरात काय झाले, ते सापडत नाही.

ही उणीव ओळखणारा माणूस बुलढाण्यातच होता. यादव माधव काळे यांनी 1924मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ मराठीत लिहिला. 1934मध्ये ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ही दिला. विद्यापीठापासून दूर, जिल्ह्याच्या गावी राहून केलेले हे काम मला नेल्सनच्या खंडापेक्षा मोठे वाटते. महाराष्ट्र शासनाने 1976मध्ये बुलढाण्याचे नवे गॅझेटियर काढले, पण इंग्रजीत.

2064मध्ये जिल्ह्याला 200 वर्षे होतील. त्या निमित्ताने कमानी आणि स्मरणिका निघतीलच. खरे काम कागदांचे आहे. जुन्या देशमुख, देशपांडे, पाटील घराण्यांकडे मोडीतले रुमाल असतील तर त्यांची यादी व्हावी, लिप्यंतर व्हावे, महसुली नोंदींशेजारी ते छापले जावेत. मोडी वाचणारे हात कमी होत चालले आहेत आणि वाळवी वर्धापनदिनाची वाट पाहत नाही. आपल्या माळ्यावर असे दप्तर असेल, तर ते रद्दीत घालू नका. आधी जाणकाराला दाखवा.