धाब्याच्या तुळईची परीक्षा

आटपाडीच्या बाजूस पाऊस थोडा, म्हणून मातीच्या धाब्याचीं घरें बांधण्याची चाल पूर्वापार चालत आली आहे. परंतु येथील बराचसा पाऊस भाद्रपद-आश्विनांत एकदम पडतो. त्या वेळीं धाब्याची माती पाणी पिऊन जड होते व तो सर्व भार तुळईवर येतो. तुळई मोडण्यापूर्वीं बहुधा सूचना देते; ती शेतकरी बंधूंस ओळखतां यावी, एवढाच या लेखाचा हेतु.

दोन्ही टोंकांस टेकलेली तुळई भारानें मध्यें वांकते. वांकतांना तिच्या वरच्या अंगाचे तंतु दाबले जातात व खालच्या अंगाचे ताणले जातात. काठी गुडघ्यावर वांकविली असतां बाहेरचें अंग प्रथम तडकतें, तें याच ताणानें. म्हणून तुळईच्या मध्यावर, खालच्या कडेस, खांच पाडूं नये व गांठ येऊं देऊं नये.

लांकडाचें बळ रुंदीपेक्षां उंचीनें अधिक वाढतें. चार इंच व आठ इंच बाजूंची तुळई आडवी न घालतां उभी घातल्यास दुप्पट भार सोसते व चौथा हिस्साच वांकते. उलटपक्षीं, खण आठ फुटांऐवजीं बारा फुटांचा केल्यास, दर फुटास भार तोच असूनहि, मोडण्याचा जोर सव्वादोनपट व बांक पांचपट होतो.

जुनी माती न काढतां दरसाल नवी घालणें ही मोठी चूक होय. दहा फूट लांब व तितक्याच रुंद धाब्यावर एक इंच कोरडी माती म्हणजे सुमारें पावणेचारशे किलो वजन. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या भिंती व मातीचीं जड छतें कोसळून हजारों माणसें दगावलीं, हें विसरूं नये.

परीक्षा सोपी आहे. तुळईच्या दोन्ही टोंकांच्या खालच्या कडेस खिळे मारून दोरी ताठ बांधावी. मध्यें तुळई दोरीच्या किती खालीं उतरली तें मोजून वहींत टिपावें. भार न वाढतांहि लांकूड वर्षानुवर्षें थोडें वांकत जातें. परंतु बांक झपाट्यानें वाढला, किंवा खालच्या अंगास तडा दिसला, तर प्रथम मधोमध तळखड्यावर भक्कम टेकू द्यावा, मगच वरची माती उतरवावी. मधल्या टेकूनें मोडण्याचा जोर चौथ्या हिश्शावर येतो. हें काम मृगापूर्वींच उरकावें.