वंशावळीत माई कुठे?

दोन वर्षांपूर्वी सासरच्या मंडळींनी कुलसंमेलन भरवायचं ठरवलं. आमच्या आडनावाची माणसं नाशिक, पुणे, इंदूर अशी सगळीकडे पांगलेली. घरोघरी फॉर्म आले. मूळ गाव, गोत्र, कुलदैवत, मुलांची नावं, शिक्षण, हुद्दा. बायकोसाठी एक ओळ. आणि त्याखाली : मुली – संख्या.

संख्या! मुलग्यांची नावं आणि मुलींचा नुसता आकडा. मी पेन खालीच ठेवलं.

तरी म्हटलं, आधी वरच्या पिढ्या तर भरू. यजमानांच्या पणजीपाशी गाडी अडली. सगळे त्यांना 'माई' म्हणत. सासूबाई नव्या नवरीच्या होत्या तेव्हा दोन वर्षं त्यांनी माईंना पाहिलेलं. मी नाव विचारलं तर म्हणाल्या, "अगं, माई म्हणजे माई! त्यांचं नाव विचारायची टाप होती का कुणाची?"

श्राद्धाला आई, आजी, पणजी अशा तीन पिढ्यांतल्या बायकांची नावं घ्यायची रीत आहे. पण ती नावं ज्यांच्या तोंडी होती ते सासरे गेले, आणि लिहून कुणीच ठेवलं नव्हतं.

कुलवृत्तांत हा प्रकार आपल्याकडे तसा जुना. आपटे, गोखले अशा कितीतरी घराण्यांनी आपल्या कुळाचे जाडजूड ग्रंथ छापले. पण आडनाव एक म्हणून कूळ एक असं नसतं, हे आधी लक्षात घ्यायला हवं. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही मुळात कामाची नावं. ज्या गावात ते वतन, तिथे ते आडनाव. जाधव, पवार, शिंदे तर अनेक जातींत सापडतात. पैठणकर, अंबडकर ही गाव सोडून गेलेल्यांना मिळालेली नावं. त्यामुळे आडनावासोबत मूळ गाव, कुलदैवत, देवक किंवा गोत्र जुळतं का, ते पाहावं लागतं.

आणि बाईचं काय? तिची तर दोन घराणी. आपल्या वेरूळचंच उदाहरण घ्या. भोसल्यांचं हे गाव. बाबाजी, मालोजी, शहाजी ही पुरुषांची ओळ आपल्याला शाळेपासून पाठ. पण जिजाऊ सिंदखेडच्या लखुजी जाधवांची लेक. १६२९ मध्ये आपल्या दौलताबादच्या किल्ल्यात निजामशाही दरबारात लखुजींना आणि त्यांच्या मुलांना दगा करून मारलं. वेरूळ तिथून जवळच. एका बाईचं सासर आणि तिच्या माहेरावरचा घाला, दोन्ही एवढ्याशा टापूत. नुसती भोसल्यांची वंशावळ वाचली तर हे दुःख त्यात दिसेल का?

शेवटी आम्ही नाशिकला गेलो. रामकुंडावर अस्थी विसर्जनाला येणाऱ्यांची नोंद तीर्थोपाध्याय आपल्या वहीत करतात. गाव आणि आडनाव सांगितलं की आपल्या कुळाचे उपाध्याय कोण ते कळतं. हरिद्वारच्या पंड्यांकडेही अशाच वह्या आहेत. १९७७ पासून अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या एका वंशावळ संस्थेने त्यांची सूक्ष्मचित्रं घेतली. सातासमुद्रापारच्या लोकांना त्यांचं मोल कळलं, आपणच विसरलो.

गुरुजींनी जुनी वही काढली. बरीचशी मोडीत. त्यांचं बोट ओळीवरून फिरत होतं आणि आम्ही श्वास रोखून बसलो होतो. आजेसासऱ्यांची सही सापडली. वर लिहिलेलं, मातोश्रींच्या अस्थी घेऊन आले, आणि पुढे माईंचं नाव. गुरुजींनी ते मोठ्याने वाचलं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "एवढं गोड नाव होतं होय गं," एवढंच म्हणाल्या.

माहेरचं गाव मात्र वहीत नव्हतं. परतताना गाडीत सासूबाईंना आपसूक आठवलं, माई जात्यावर बसल्या की ओवीत नाथांचं नाव यायचं. नाथषष्ठी आली की "आमच्याकडे आज गर्दी असेल" म्हणायच्या. म्हणजे माहेर पैठणच्या आसपासचं असावं. पुरावा एवढाच. पण तोही लिहून ठेवला.

मैत्रिणींनो, हे नुसतं हौसेचं काम नाही. महिला मंडळाच्या कामात मी पाहते, वडील गेले की वारस नोंदीसाठी वंशावळ लागते आणि तिच्यात लेकींची नावं हळूच गाळली जातात. किंवा "सही कर गं" म्हणून हक्कसोडपत्र पुढे येतं. २००५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला. कायदा आला तेव्हा वडील हयात नसले तरी तो हक्क राहतो, असं २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. हक्क सोडायचा की ठेवायचा ते तुम्ही ठरवा, पण वंशावळीत नाव हवंच. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या आधी येतं. निदान पुढच्या पिढीची आई तरी हरवणार नाही.

शोध घ्यायचा असेल तर सुरुवात घरातल्या सगळ्यात वयस्क बाईपासून करा. शेजारी बसा, भाजी निवडता निवडता विचारा. मग शाळेचा जुना निर्गम उतारा काढा, त्यात जन्मगाव मिळू शकतं. तहसीलमध्ये १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक मागा. त्याआधीचे आपल्या मराठवाड्यातले कागद निजामाच्या राजवटीतले, बरेचसे उर्दूत, काही मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची किती गरज पडली, ते आपण पाहिलंच. घरात कॉलेजात जाणारी लेक असेल तर तिला मोडी शिकू द्या. आणि प्रत्येक बाईपुढे दोन गोष्टी आठवणीने लिहा : लग्नाआधीचं नाव आणि माहेरचं गाव.

आमचा फॉर्म मी परत पाठवला. 'मुली – संख्या' खोडून तिथे दोन्ही लेकींची नावं लिहिली, नणंदांचीही लिहिली. जागा पुरेना म्हणून मागे कागद जोडला. त्यावर सगळ्यात वर माईंचं नाव, आणि पुढे, 'माहेर : गोदाकाठ, बहुधा पैठणजवळ.'

संमेलनाच्या दिवशी वंशवृक्षाचा मोठा फलक लावला होता. सासूबाई चष्मा लावून जवळ गेल्या, बोटाने ओळ शोधली आणि मला हाक मारली, "इकडे ये, माई इथे आहेत बघ."